पंचेचाळीस गुणांची पॉलिसी



स्मृतिव्याख्यान म्हटले की साहित्य, समाज, राजकारण असे भारदस्त विषय डोळ्यांसमोर येतात. त्या मानाने आजचा विषय किरकोळ वाटेल. लिहिलेला मजकूर वाचणाऱ्याला किती सोपा जाईल, हे आकड्यात मोजता येते का? आणि मोजता आले, तर त्या आकड्याचे करायचे काय? विषय एवढाच. पण विम्याचा दावा, कर्जाचा करार, दवाखान्यातले संमतिपत्र आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना, असा कितीतरी संसार त्यावर उभा आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे उदाहरण घेऊ. तिथे आयुर्विम्याच्या पॉलिसीला भाषेच्या परीक्षेत पास व्हावे लागते. ‘फ्लेश’ नावाच्या मोजपट्टीवर तिला किमान ४५ गुण मिळालेच पाहिजेत, असा कायदाच आहे. पेनसिल्व्हेनिया राज्याने वाहन विम्याबाबत असाच नियम केला. पॉलिसीची भाषा नववीच्या वाचनापेक्षा अवघड नको. भाषा सोपी ठेवा, असा उपदेश जगभरातली सरकारे करत असतात. पण किती सोपी, याचा आकडा कायद्यात घालणे ही वेगळीच गोष्ट झाली.

आता आपल्या कपाटातली पॉलिसी आठवून पाहा. ती शेवटपर्यंत कोणी वाचली आहे? हात वर करायला सांगत नाही, उगाच सगळ्यांचीच पंचाईत होईल. पण समजा, ती वाचली गेली नाही. मग दोष कोणाचा? वाचणाऱ्याचा, की लिहिणाऱ्याचा?

आजचे विवेचन चार भागांत आहे. हा आकडा आला कुठून, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, मराठीत आल्यावर त्याचे काय होते, आणि त्याचा उपयोग शहाण्याने कसा करावा.

पहिला भाग, आकड्याचा जन्म. या गोष्टीची सुरुवात साहित्याच्या वर्गात झाली. नेब्रास्का विद्यापीठात एल. ए. शर्मन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांनी जुन्या-नव्या लेखकांच्या वाक्यांतले शब्द मोजायला घेतले आणि १८९३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या आधीच्या काळात लिखित इंग्रजी वाक्य सरासरी ५० शब्दांचे होते. शर्मन यांच्या काळापर्यंत ते २३ शब्दांवर आले होते. लिहिलेली भाषा बोलण्याच्या जवळ सरकत होती, आणि हे सरकणे मोजता येत होते.

मग शिक्षणतज्ज्ञ आले. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये शिक्षकांसाठी १०,००० शब्दांची यादी छापली. कोणता शब्द वाचनात किती वेळा भेटतो, हे त्या यादीत होते. या यादीच्या आधाराने १९२३ मध्ये बर्था लाइव्हली आणि सिडनी प्रेसी यांनी पाठ्यपुस्तकांची काठिण्यपातळी मोजली. वाचनसुलभता मोजण्याचे पहिले सूत्र म्हणून आज त्यांच्याच पद्धतीचे नाव घेतात. प्रश्न व्यावहारिक होता. शाळेतली विज्ञानाची पुस्तके पारिभाषिक शब्दांनी इतकी भरली होती, की शिक्षकाचा तास विज्ञानापेक्षा शब्दार्थ सांगण्यातच जाई. ही तक्रार शंभर वर्षांपूर्वीची आणि अमेरिकेतली आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नाहीतर ती कालची आणि इथलीच वाटेल.

आणि मग आले रुडॉल्फ फ्लेश. जन्म व्हिएन्नाचा, १९११ सालचा. शिक्षण कायद्याचे. नाझींनी ऑस्ट्रिया घेतला त्या १९३८ साली ते अमेरिकेत आले आणि कोलंबिया विद्यापीठात नव्याने विद्यार्थी झाले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नव्हे, आणि वकिली भाषा त्यांनी आतून पाहिलेली. अशा माणसाने १९४८ मध्ये जे सूत्र मांडले, ते आज जगातल्या लाखो संगणकांत बसले आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड वापरणाऱ्यांच्या तर ते हाताशीच असते.

सूत्राला फक्त दोन गोष्टी लागतात. एका वाक्यात सरासरी शब्द किती, आणि एका शब्दात सरासरी उच्चारखंड, म्हणजे सिलेबल, किती. पहिल्या आकड्याला १.०१५ ने गुणायचे, दुसऱ्याला ८४.६ ने गुणायचे, आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करायचे. उरेल तो गुण. साठ ते सत्तर म्हणजे साधे इंग्रजी, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला कळेल असे. तिसाच्या खाली म्हणजे पदवीधरांनाच झेपेल असे. दुसऱ्या गुणकाकडे लक्ष द्या. लांब वाक्यापेक्षा लांब शब्दाला इथे जबर दंड आहे. हा दंड पुढे आपल्याला छळणार आहे.

फ्लेश एकटे नव्हते. रॉबर्ट गनिंग यांनी १९५२ मध्ये ‘फॉग इंडेक्स’ आणला, म्हणजे धुक्याचा निर्देशांक. वृत्तपत्रांना आणि कंपन्यांना त्यांच्या लेखनातले धुके मोजून दाखवणे हा त्यांचा व्यवसायच होता. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी पीटर किनकेड आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक नौसैनिकांची परीक्षा घेऊन फ्लेश यांचे सूत्र नव्याने बसवले. त्याचे उत्तर थेट शालेय इयत्तेत येते. नौदलाला ते का हवे होते? प्रशिक्षणाची पुस्तके खलाशांच्या वाचनशक्तीच्या पलीकडची होती म्हणून. यंत्र दुरुस्त करणाऱ्याला पुस्तक कळले नाही, तर जहाज बंदरातच राहते.

हा झाला पहिला भाग. आता दुसरा, आणि तो थोडा अडचणीचा आहे. या आकड्याला दिसते काय?

इंग्रजी शाळेत पहिल्याच पुस्तकात भेटणारे वाक्य घ्या. द कॅट सॅट ऑन द मॅट. सहा शब्द, सहा उच्चारखंड. फ्लेश गुण ११६. फारच सोपे! आता तेच शब्द उलटे लावा. मॅट द ऑन सॅट कॅट द. गुण किती? ११६. तितकाच. वाक्याला अर्थ उरला नाही, पण सूत्राला त्याची दाद ना फिर्याद. ते शब्द मोजते, खंड मोजते आणि गप्प बसते.

मग ते निरुपयोगी आहे का? तसे नाही. लांब वाक्ये आणि अनोळखी शब्द जिथे दाटीवाटीने येतात, तिथे मजकूर बहुधा खरोखरच अवघड असतो. बहुधा, एवढेच. लांबी हे अवघडपणाचे लक्षण आहे, कारण नेहमीच नाही. लक्षण आणि कारण यांची गल्लत झाली की घोटाळा सुरू होतो. थर्मामीटर थंड पाण्यात बुडवला की पारा उतरतो, ताप उतरत नाही.

हा घोटाळा प्रत्यक्षात झाला आहे. अमेरिकेत मोठ्यांसाठीचे मजकूर कच्च्या वाचकांसाठी सूत्राच्या मापाने ‘सोपे’ करण्याची रीत होती. ॲलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कॅन्टर यांनी १९८२ मध्ये मूळ मजकूर आणि असे सोपे केलेले मजकूर शेजारी ठेवून तपासले. काय दिसले? वाक्ये तोडताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरी’ असे सांधणारे शब्द गळून पडले होते. दोन घटनांचा संबंध आता वाचकाने स्वतःच ओळखायचा. म्हणजे ज्याला वाचन जड जाते, त्याच्याच डोक्यावर जास्तीचे काम! गुण सुधारला आणि मजकूर बिघडला.

दुसरे उदाहरण न्यायालयातले. अमेरिकेत ज्युरीला न्यायाधीश कायद्याच्या सूचना वाचून दाखवतात. रॉबर्ट आणि व्हेडा चॅरो यांनी कॅलिफोर्नियातल्या अशा सूचना ज्युरीसाठी बोलावलेल्या सामान्य लोकांना ऐकवल्या आणि ‘आता तुमच्या शब्दांत सांगा’ असे म्हटले. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. लोक अडखळत होते ते निव्वळ वाक्याच्या लांबीपायी नव्हे. क्रियापदांची नामे करून टाकलेली होती, नकारावर नकार रचलेले होते, वाक्याच्या पोटात वाक्य होते, कर्ता गायब होता. या गाठी सोडवल्यावर समज वाढली. लांबी तशीच असली तरी वाढली.

म्हणजे दुसऱ्या भागाचा सारांश असा. आकडा धोक्याची जागा दाखवतो. धोका कशाने आहे आणि तो कसा काढायचा, हे लिहिणाऱ्यालाच शोधावे लागते.

तिसरा भाग आपल्या घरातला, मराठीचा. फ्लेश यांची पट्टी मराठीला लावली तर काय होईल? करूनच पाहू. ‘आम्ही सुट्टीत आजीआजोबांकडे राहिलो.’ दुसरीतले मूलही हे वाक्य वाचेल आणि खूश होईल. शब्द चार, उच्चारखंड चौदा. सूत्रात घाला. गुण येतो उणे ९३. उणे! फ्लोरिडाच्या कायद्याने हे वाक्य पॉलिसीत घालायला बंदी झाली असती.

असे का होते? कारण मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतो. इंग्रजीत जे काम सुटे छोटे शब्द करतात, ते आपल्याकडे शब्दाच्या शेपटीला चिकटते. घर, घरात, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. लांबी वाढत गेली, अवघडपणा वाढला का? उलट ‘ऋजू’ आणि ‘व्यय’ पाहा. एक-दोन खंडांचे शब्द, पण चौकातल्या दहा माणसांना विचारून पाहा, किती जण अर्थ सांगतात ते. सूत्रातला लांब शब्दावरचा दंड मराठीत निरपराधाला बसतो आणि खरा गुन्हेगार सुटतो.

ही अडचण फक्त मराठीची नाही. जर्मन, स्पॅनिश, स्वीडिश अशा भाषांच्या अभ्यासकांनी आपापली गणिते बसवली. आपल्या देशातही काम झाले आहे. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१२ मध्ये हिंदी आणि बांगला भाषांसाठी वेगळी मापे मांडली. वाक्य आणि शब्द यांच्या लांबीबरोबर जोडाक्षरे किती, हेही त्यांनी विचारात घेतले. नवसाक्षर प्रौढाला वाचताना पाहिलेल्या कोणालाही ते लगेच पटेल.

मग मराठी मजकूर खरोखर अवघड कशाने होतो? एक नमुना पाहू. कोणत्याही एका कार्यालयाचा तो नाही, पण सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

‘उपरोक्त विषयान्वये सूचित करण्यात येते की, ज्या लाभार्थ्यांनी विहित मुदतीत आवश्यक कागदपत्रे सादर केलेली नाहीत, अशा लाभार्थ्यांच्या प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येऊन सदर लाभ पुढील आदेशापर्यंत स्थगित ठेवण्यात येईल, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’

पस्तीस शब्द, एक वाक्य. आता लांबी मोजणाऱ्याला खूश करणारी दुरुस्ती पाहा. ‘कागदपत्रे आवश्यक आहेत. मुदत विहित आहे. ती सादर करावीत. लाभ स्थगित होईल.’ वाक्ये चार, प्रत्येकी शब्द तीन. यापेक्षा आखूड काय हवे? पण अर्थ? लाभ सगळ्यांचाच स्थगित होणार, असे वाचणाऱ्याला वाटेल. ‘ज्या’ आणि ‘अशा’ गळाले आणि सूचनेची धमकी झाली.

आता तिसरी रीत. ‘तुमचे बँक पासबुक आणि रेशनकार्ड यांच्या प्रती अजून आमच्याकडे आलेल्या नाहीत. त्या ३० जूनपर्यंत ग्रामपंचायत कार्यालयात द्या. तोपर्यंत दिल्या नाहीत, तर जुलैपासून पैसे जमा होणार नाहीत. प्रती नंतर दिल्या, की पैसे पुन्हा सुरू होतील.’

शब्द मोजले तर चौतीस. पहिल्या सूचनेपेक्षा फक्त एक कमी! वाक्ये मात्र चार झाली. पण खरा फरक वाक्यांच्या संख्येत नाही. कोणती कागदपत्रे, कोणती तारीख, कुठे द्यायची, उशीर झाला तर पुढे काय, या चारही प्रश्नांची उत्तरे पहिल्या सूचनेत नव्हतीच. ‘आवश्यक’, ‘विहित’, ‘नियमानुसार’, ‘उचित’ या चार शब्दांमागे ती लपली होती. जगातले कोणतेही सूत्र न लिहिलेली माहिती मोजू शकत नाही.

आणखी एक गोष्ट खास मराठीची. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, आणि होकार की नकार हेही बहुतेकदा तिथेच कळते. पहिल्या सूचनेत पैसे मिळणार की थांबणार, हे कळायला वाचकाला तीस शब्द श्वास रोखून बसावे लागते. कर्ता इथे आणि क्रियापद तिथे, मध्ये दोन पोटवाक्ये. मराठीसाठी सूत्र करायचेच असेल, तर हे अंतर त्यात मोजले पाहिजे. ‘करण्यात येते’, ‘ठेवण्यात येईल’ असे प्रयोग किती, हे मोजले पाहिजे. कारण त्यांत काम आहे, पण करणारा नाही. आणि सर्वांत आधी हवी ती थॉर्नडाइक यांच्यासारखी यादी. आजच्या मराठी वाचकाला कोणते शब्द खरोखर ओळखीचे आहेत, याची.

आता चौथा आणि शेवटचा भाग. सूत्र अपुरे, मराठीत तर फारच अपुरे. मग करायचे काय?

पहिले काम, वाचक कोण ते ठरवणे. ‘सर्वसामान्य जनता’ हा वाचक नव्हे. असर या पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. शाळेत घरी न्यायला चिठ्ठी दिली जाते, ती अनेक घरांत हेच मूल मोठ्याने वाचते. चिठ्ठी लिहिणाऱ्याने हे मनात धरले, तर अर्धी भाषा आपोआप बदलेल. अमेरिकी वैद्यकीय संघटना रुग्णांच्या माहितीपत्रकासाठी सहावीची पातळी सुचवते. रुग्ण अडाणी असतो म्हणून नव्हे. घाबरलेला, दुखण्याने बेजार झालेला प्राध्यापकसुद्धा त्या क्षणी सहावीतल्याइतकेच वाचू शकतो म्हणून.

दुसरे काम, मोजणी लिहून झाल्यावर करणे. लिहिताना आकड्याकडे डोळा ठेवला की लेखन लुळे पडते. आधी लिहावे, मग मोजावे. इंग्रजी मजकूर असेल तर सूत्र चालवावे. मराठी असेल तर वाक्यांतले शब्द मोजावेत, करण्यात-येते मोजावेत. सगळ्या मजकुराची सरासरी काढून समाधान मानू नये. सरासरीत सर्वांत वाईट परिच्छेद लपून बसतो, आणि पॉलिसीत तो नेमका दावा नाकारण्याच्या अटींचा असतो.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे. माणसांवर तपासून पाहणे. यासाठी विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये सुचवलेली एक साधी पद्धत आहे. मजकुरातला दर पाचवा शब्द खोडायचा, रिकामी जागा ठेवायची आणि तो वाचकाला भरायला द्यायचा. नेमका मूळ शब्द आला तरच बरोबर धरायचे. निम्म्याहून बऱ्याच जास्त जागा बरोबर भरल्या गेल्या, तर मजकूर त्या वाचकाला झेपतो. चाळिशीच्या खाली टक्केवारी गेली, तर झेपत नाही. या पद्धतीला उच्चारखंड लागत नाहीत, परदेशी गुणक लागत नाहीत. ती मराठीत आजपासून चालते.

आणि मराठीला हे अगदीच नवे आहे असेही नाही. विनोबांनी १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली. ती आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिली, आणि जिथे त्यांना अडले तिथे शब्द बदलले. गीतेचा समश्लोकी अनुवाद करणाऱ्या पंडिताने अंतिम परीक्षक म्हणून लहान मुलींना बसवले! आज मोठमोठ्या कंपन्या ज्याला वापरकर्त्यांची चाचणी म्हणतात, ती याहून वेगळी काय आहे?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो सभागृहातही कोणाच्या तरी मनात असेल. सोपे करायचे म्हणजे भाषा बाळबोध करायची का? गांभीर्याचे काय? उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिले आहे. एका उच्च न्यायालयाचा निकाल पुढे आला, तेव्हा तो वाचून डोक्याला बाम लावावा लागला, असा उद्गार खंडपीठातूनच निघाल्याचे वृत्तपत्रांत आले होते. त्याच प्रकरणात, स्टेट बँक विरुद्ध अजय कुमार सूद या खटल्यात, ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने निकाल कसे लिहावेत याची सविस्तर चर्चा केली. परिच्छेदांना क्रमांक हवेत, मांडणी सुसंगत हवी, आणि ज्याच्या आयुष्यावर निकालाचा परिणाम होणार त्याला तो कळला पाहिजे. देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाला सोपेपणात गांभीर्याची हानी दिसली नाही. मग आपल्या परिपत्रकांनाच ती का दिसावी?

नियामक संस्थाही हलल्या आहेत. १ जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी आरोग्य विम्याच्या ग्राहकाला सोप्या शब्दांतले माहितीपत्रक देणे विमा नियामकाने बंधनकारक केले. मागितल्यास ते स्थानिक भाषेतही मिळाले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी मुख्य बाबींचे विवरणपत्र सक्तीचे केले, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. नियम चांगले आहेत. पण ‘सोप्या शब्दांत’ आणि ‘समजेल अशा’ याची परीक्षा कोण घेणार? फ्लोरिडाने ४५ हा आकडा लिहिला. तो आकडा सदोष आहे, हे आपण आत्ताच पाहिले. तरीही त्याने एक काम केले. कंपनीला ‘आमची भाषा सोपीच आहे’ असे नुसते म्हणून सुटता येईना. मराठी माहितीपत्रकाबाबत तसे म्हणून आजही सुटता येते.

म्हणून समारोपात दोन विनंत्या. एक विद्यापीठांना आणि राज्याच्या भाषा संचालनालयाला. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. त्या निमित्ताने जी कामे हाती घेतली जातील, त्यांत ओळखीच्या मराठी शब्दांची यादी आणि इयत्तावार तपासलेले मराठी उतारे यांचाही समावेश व्हावा. मोजपट्टी त्यातूनच तयार होईल, आणि ती मराठी वाक्यावर बेतलेली असेल.

दुसरी विनंती इथे बसलेल्या प्रत्येकाला. आपल्यापैकी कोणी शाळा चालवते, कोणी पतसंस्था, कोणी गृहनिर्माण संस्था, कोणी दवाखाना. आपल्या संस्थेने काढलेली शेवटची सूचना उद्या घ्या, दर पाचवा शब्द खोडा आणि ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांच्यातल्या पाच जणांना भरायला द्या. त्यांना ती भरता आली नाही, तर ती पुन्हा लिहा आणि नव्याने लावा.